डाव्या चाकाची चुगली

१

डॉक्टर उपेंद्र जोगळेकरांच्या अँबॅसॅडरचं मागचं डावं चाक गंगाधर मिस्त्रीने खोललं, आतला ड्रम ओढून काढला, आणि त्याच्या तोंडून जो शब्द निघाला तो छापण्यासारखा नाही.

ड्रमच्या आत दोन अर्धगोल लोखंडी शू असतात आणि त्यांच्यावर लायनरची पट्टी रिव्हेट मारून बसवलेली असते. ब्रेक दाबला की पट्टी ड्रमला घासते, गाडी थांबते आणि झीज होते ती पट्टीची. दसऱ्याच्या आठवड्यात गंगाधरने चारही चाकांना कोरे लायनर घातले होते. आता डिसेंबर लागला होता, १९६८ सालचा. तीन चाकांतले लायनर अजून नव्या नवरीसारखे होते. या चौथ्यात मात्र पट्टी पार संपली होती, रिव्हेटची डोकी उघडी पडली होती, आणि ड्रम तापून तापून निळा झाला होता.

गंगाधरला भोरमध्ये गॅरेज घालून बावीस वर्षं झाली होती. त्याने जीपा पाहिल्या, ट्रक पाहिले, संस्थानच्या काळातल्या दोन मोटारी पाहिल्या. पण एका पायाने चारही ब्रेक लागतात आणि झिजतो फक्त एक, असला चमत्कार त्याने पाहिला नव्हता.

"काल नसरापूरच्या उतारावर ब्रेक दाबला तर गाडी बाजूला ओढली गेली," डॉक्टर मागे उभे राहून म्हणाले. "समोर बैलगाडी. गाडीवान शहाणा, म्हणून मी इथे उभा आहे. काय निघालं?"

गंगाधरने दाखवलं. डॉक्टर वाकून पाहू लागले. माणूस हुशार, हाताला गुण, पण राग नाकाच्या शेंड्यावर. दुखणं दिसलं की ताबडतोब नाव ठेवून मोकळं व्हायची त्यांना सवय होती.

"मिस्त्री, तुम्ही इथे जुना लायनर घातलात."

गंगाधरच्या कानशिलाला आग लागली. त्याने शू उतरवला, कापडाने पुसला आणि उलटा करून डॉक्टरांपुढे धरला. नवा लायनर बसवला की शूच्या पाठीवर टोच्याने तीन टिंबं मारायची त्याची रीत होती. तिन्ही टिंबं तिथे होती, आणि शेजारी महिन्याचा आकडा.

"कोरा होता, डॉक्टरसाहेब. माझ्या हाताने बसवलाय."

डॉक्टर टिंबांकडे पाहत राहिले. मग सरळ झाले. "मग तुमचा दोष नाही. मी शब्द मागे घेतो." गंगाधरच्या जिवात जीव आला, तो एवढा एकच क्षण. "म्हणजे ही सोपानची करणी. मंगळवारी सकाळी त्याने चावी माझ्या टेबलावर ठेवायची. मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

आपली अब्रू वाचवायला आपण एका गरिबाच्या पोटावर पाय दिला, हे गंगाधरच्या तेव्हा ध्यानात आलं.

२

सोपान गॅरेजच्या दाराशीच उभा होता. वय सत्तावीस, गाव गुंजवणे. त्यांच्या वस्तीत लायसन असलेला पहिला माणूस तोच. चाक कसं बदलावं, तेल कसं बघावं, हे त्याला गंगाधरनेच शिकवलं होतं, आणि डॉक्टरांकडे चिकटवलाही गंगाधरनेच. ती नोकरी गेली तर तालुक्यात दुसरी मोटार त्याच्या हातात देणार कोण? पुन्हा भाताच्या चिखलात उभं राहायचं, आणि तेही दुसऱ्याच्या.

"सोप्या, खरं सांग. काय केलंस?"

"माजीच चूक म्हना, मिस्त्री."

"कसली चूक?"

"पाय ऱ्हात आसंल ब्रेकवर."

गंगाधरला हसू आलं. "पाय ब्रेकवर राहिला तर चारही चाकं झिजतील. खोटं बोलायचं तर निदान ब्रेकला पटेल असं बोल."

भित्रा माणूस खोटं बोलतो ते स्वतःला वाचवायला. हा गडी खोटं बोलत होता ते स्वतःला बुडवायला. गंगाधरने मनाशी खूणगाठ बांधली की याच्या मागे कोणीतरी आहे, आणि हा त्याला झाकतोय.

डॉक्टर जाता जाता आणखी एक तक्रार करून गेले. "दर मंगळवारी मी गुंजवण्याच्या शाळेच्या ओसरीवर तीन तास पेशंट तपासतो. हा म्हणतो, तेवढ्यात गाडी ओढ्यावर धुवून आणतो. आणि गाडी परत येते ती धुळीने माखलेली! वर ह्यालाच आपण प्रामाणिक म्हणायचं."

सगळे गेल्यावर गंगाधर एकटा चाकापाशी बसला. दुखण्याच्या जागा त्याने एकेक करून तपासल्या. सिलिंडर गळत नव्हता. स्प्रिंगा ताठ होत्या. हँडब्रेकच्या तारा दोन्ही मागच्या चाकांना सारख्याच ओढत होत्या आणि सारख्याच सैल सुटत होत्या. यंत्रात खोट नव्हती.

मग त्याने ड्रममधली काळी भुकटी वर्तमानपत्रावर झटकली आणि चष्मा लावून बघितली. भुकटीत बारीक, सोनेरी काहीतरी चमकत होतं. त्याने ते बोटावर घेतलं. भाताची कुसं होती ती.

३

रविवारी दुपारी डॉक्टरांच्या पत्नी, मालिनीबाई, स्वतः गॅरेजमध्ये आल्या. पदर डोक्यावर, चेहरा पांढराफटक. भोरमधली डॉक्टरीणबाई गॅरेजच्या पायरीवर उभी राहिली, म्हणजे दुखणं साधं नाही.

"मिस्त्री, सोपानचा काही दोष नाही. ते लायनर मी घालवले."

गंगाधरने स्टूल पुसून पुढे केलं. "वहिनी, बसा आधी."

"मी गाडी शिकतेय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांना माहीत नाही. रविवारी हे एसटीने पुण्याला मीटिंगला गेले की सोपान मला भाटघरच्या रस्त्याला नेतो. मागच्या महिन्यात मी हँडब्रेक तसाच ठेवून धरणापर्यंत गाडी नेली. वास आला तेव्हा सोपानने पाहिलं. तो माझ्यासाठी गप्प बसलाय. मी आजच ह्यांना सांगते."

असा कबुलीजबाब पदरात पडला की दुसरा कोणी खुशाल घरी जाऊन झोपला असता. गंगाधर मात्र मान हलवत राहिला.

"वहिनी, हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना लागतो. तुम्ही चालवलीत ती गाडी चारही चाकांवर चालत होती, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या घासल्या असत्या. उजवीकडचा लायनर बघा." त्याने काढून दाखवला. "एखाद्या दिवसाचा ओरखडा आहे, तो तुमचा. पण डावीकडचं पाप तुमचं नाही. उगाच अंगावर घेऊ नका."

मालिनीबाईंना सुटका झाल्याचं वाटावं की वाईट, हे कळेना. "मग तो गप्प का आहे?"

"तेच तर कोडं आहे."

त्या गेल्यावर गंगाधरने पुन्हा गाडीला हात घातला. चाक चढवायला स्वतःचा जॅक हाताशी नव्हता, म्हणून त्याने डिकीतून गाडीचाच जॅक काढला. आणि तो हातात धरून तसाच उभा राहिला. जॅकच्या बुडाला हिरवट तपकिरी खपली चिकटली होती. नखाने खरडली तर शेण आणि माती निघाली, सारवणाची.

डांबरी रस्त्यावर कोणी सारवत नाही. ओढ्याच्या काठीही नाही.

त्याने दार उघडून हाक मारली. सोपान समोर टपरीवर चहा न पिता नुसता बसला होता.

"सोप्या, शेवटचं पंक्चर कधी झालं?"

"गणपतीच्या आदी. तवापास्नं न्हाई."

"मग जॅक कशाला काढला होतास?"

सोपानच्या तोंडचं पाणी पळालं. तो उठला आणि बाजाराच्या दिशेने चालू लागला.

गंगाधरने मग डावं टायर उजेडात फिरवून बघितलं. मधोमध चार बोटं रुंदीची जागा गुळगुळीत घासलेली होती. रस्त्याने टायर असं कधी झिजत नाही. नक्षीच्या खाचेत एक धागा अडकला होता, जाड, कॅनव्हासचा.

त्याला आता बरंचसं कळलं होतं. कळलं नव्हतं ते एवढंच, की हे कोणासाठी.

४

सोमवारी गॅरेजला कुलूप लावून गंगाधर मार्गासनीपर्यंत एसटीने गेला आणि पुढे पायी निघाला. राजगडाच्या पायथ्याला गुंजवणे अगदी खोलगट जागी वसलेलं. वारा डोंगरावरून येतो तो डोक्यावरूनच निघून जातो, गावात उतरत नाही. भाताची झोडणी झालेली, खळ्याखळ्यांवर राशी पडलेल्या, आणि बायका सुपं घेऊन वाऱ्याची वाट बघत बसलेल्या.

ओढ्यापलीकडच्या वस्तीत पहिल्याच खळ्यावर त्याला हवं ते दिसलं. सारवलेल्या जमिनीत जॅकच्या बुडाएवढे चौकोनी खड्डे पडले होते, एकाशेजारी एक, सात. समोर उफणणीचा, फोलपट उडवायचा लोखंडी पंखा. हाताने फिरवायची दांडी काढून तिथे लाकडी चाक बसवलं होतं, आणि त्यावर कॅनव्हासचा पट्टा लोंबत होता.

राशीशी एक म्हातारी सूप सारखं करत होती.

"मावशी, पंखा चालवायला गडी किती लागतात?"

"दोन तरी पायजेत, बाबा. आन् हितं गडी हाईत कुठं? समदे ममईला." तिने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. "तुमी कोन?"

"मी भोरचा मिस्त्री. सोपानची गाडी माझ्याकडे असते."

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "मला काय बी ठावं न्हाई."

"तुम्हाला सगळं ठाऊक आहे, मावशी. मी ओरडायला आलो नाही. उद्या सोपानची नोकरी जाणार आहे."

"नौकरी जातीया? कशापायी?" म्हातारी ताडकन उभी राहिली आणि तिला खोकल्याची उबळ आली. उबळ ओसरल्यावर ती खाली बसली, आणि मग तिने सगळं सांगितलं.

तिचं नाव जाईबाई. मुलगा मुंबईला गोदीत, सून बाळंतपणाला माहेरी. गेल्या दोन वर्षांपासून तिला दमा. डॉक्टरांनी दसऱ्याला तिला बजावलं होतं की फोलपटाची धूळ छातीत जाते, खळ्यावर पाऊल टाकलंस तर माझं औषध बंद. "पन म्या न्हाई केलं तर करनार कोन? वारं न्हाई. समदं फोलपाट तोंडावर. सोपाननं बगितलं, त्याचा जीव तुटला. म्हनला, आजी, माज्या गाडीचं चाक पंखा फिरवंल, तुमी मागल्या अंगानं नुसतं सुपानं सोडा. मग समद्या बायका आल्या. जिच्या घरी गडी न्हाई तिचं खळं बी हितंच करून दिलं पोरानं, दर मंगळवारी."

"आणि तुम्ही त्याच्याकडून वचन घेतलंत."

"दाक्तरला कळलं तर आवशद बंद व्हईल. म्हनून म्या त्येला भाकरीची आन घातली." मग ती हातातली कुसं झटकत म्हणाली, "भोरची यस्टी कवा हाय?"

५

मंगळवारी सकाळी आठला डॉक्टरांच्या अंगणात गाडी उभी होती, चाकं बसवलेली, डावीकडे आणखी एकदा कोरे लायनर. सोपानने ओसरीवरच्या टेबलावर चावी ठेवली आणि हात जोडून बाजूला झाला. मालिनीबाई दाराच्या आड होत्या. फाटकातून गंगाधर आला, आणि त्याच्या मागे डोईवर पदर घेतलेली जाईबाई. सोपानने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"डॉक्टरसाहेब, पाच मिनिटं द्या," गंगाधर म्हणाला. "एका बाजूचं दुखणं आहे. तुम्ही एका बाजूच्या दुखण्याला काय करता?"

"ती बाजू काय वेगळं करते ते बघतो," डॉक्टर नाइलाजाने म्हणाले.

"मीही तेच केलं."

त्याने जॅक लावून मागचं डावं चाक वीतभर उचललं, आणि आत हात घालून हँडब्रेक दोनच दाते, अर्धवट ओढून ठेवला. मग इंजिन चालू करून पहिला गिअर टाकला. उजवं चाक जमिनीवर गच्च होतं. इंजिनाचा सगळा फेरा उचललेल्या डाव्या चाकाला मिळाला. ते गरागरा फिरू लागलं, आणि आतून खर्रखर्र आवाज यायला लागला.

"ऐकलंत? उजवं फिरत नाही म्हणून झिजत नाही. डावं ब्रेकमध्येच फिरतंय. रस्त्यावर वारा लागून ड्रम गार तरी होतो. इथे गाडी जागची हलत नाही, म्हणून तो निळा पडला. पुढच्या चाकांचा संबंधच नाही." त्याने गाडी बंद केली. "जॅकला सारवण, ड्रममध्ये कुसं, टायरवर पट्ट्याची घासण. गाडी मंगळवारी ओढ्यावर जात नव्हती. खळ्यावर पंखा फिरवत होती."

"माझी गाडी?" डॉक्टरांचा आवाज चढला. "पण हँडब्रेक कशाला ओढायचा? गाढवालाही कळेल की चाक घासेल!"

गंगाधरने डोक्यावरची टोपी काढली. "ती अक्कल माझी. सोपानला मी दहा वेळा शिकवलंय की जॅक लावायचा तर आधी हँडब्रेक ओढायचा, त्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. पूर्ण ओढला तर चाक फिरेना, म्हणून त्याने दोन दाते ठेवले. सोडून द्यायची हिंमत झाली नाही. मास्तराने सांगितलेलं पाळलं बिचाऱ्याने. पंक्चरसाठी शिकवलं होतं, पंख्यासाठी काय करायचं ते शिकवायचं राहिलं. तुम्हाला गुन्हेगार हवा असेल तर हा उभा आहे."

"पण हे कोणासाठी?"

तेव्हा जाईबाई पुढे आली. "माज्यासाटी, दाक्तर. म्या खळ्यावर जात हुते. तुमी न्हाई म्हनला हुता, तरी बी. माजं आवशद बंद करा. पन त्या पोराची भाकर काडू नगा."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गळ्यातली नळी कानाला लावली, जाईबाईला ओसरीच्या पायरीवर बसवलं आणि पाठीला लावून ऐकलं. एकदा, दोनदा. श्वास घे, सोड.

"दसऱ्यापेक्षा छाती निम्म्याने मोकळी आहे," ते सावकाश म्हणाले. "मी समजत होतो, माझ्या नव्या औषधाने. पुण्यात दोन डॉक्टरांना मी ते औषध सुचवलंसुद्धा."

"पंख्याच्या मागनं सोडलं की धूळ पुडं जाती, तोंडावर येत न्हाई," जाईबाईने खुलासा केला.

दाराआडून मालिनीबाईंचं हसू फुटलं आणि त्यांनी ते पदराने दाबलं. डॉक्टरांना ते ऐकू गेलं. त्यांचे कान लाल झाले, पण या खेपेला रागाने नव्हे.

"सोपान, मला एका शब्दाने विचारता आलं नाही तुला?"

"इचारलं आसतं तर तुमी न्हाई म्हनला आसता, साहेब."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "म्हटलंच असतं," ते म्हणाले. गंगाधरला त्या घडीला हा तापट माणूस आवडून गेला. स्वतःचं दुखणं इतकं सरळ मान्य करणारा डॉक्टर त्याने पाहिला नव्हता.

"आजी, खळी किती राहिलीत?"

"दोन, दाक्तर. धोंडाबाईचं, आन् रतनबाईचं."

"मिस्त्री, हँडब्रेक न ओढता गाडी जाग्यावर कशी राहील?"

"बाकीच्या तीन चाकांना दोन्ही अंगांनी दगड, आणि दुसरा माणूस गाडीशी उभा. मी आज बरोबर येतो, दाखवतो."

"चला मग. आजी, तुम्ही मागे बसा. मंगळवार आहे, पेशंट वाट बघत असतील." डॉक्टरांनी टेबलावरची चावी उचलून सोपानपुढे धरली. "साडेआठ वाजले. उशीर झालेला मला चालत नाही, तुला माहीत आहे."

"व्हय जी," सोपान म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले, चावी घेतली आणि गाडी फाटकाशी आणून लावली.